श्रवणदोष : कानाचे विकार, त्यावरील संशोधन आणि ठाणे-कल्याण परिसर

ठाण्यातील डॉ. महेश बेडेकर यांनी रस्त्यांवरील मंडप आणि ध्वनिक्षेपकांचा गोंगाट यांविरुद्ध २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. सहा वर्षांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये, न्यायमूर्ती अभय ओक यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने तिचा निकाल दिला. ध्वनिक्षेपक वापरणे हा कोणत्याही धर्माचा मूलभूत अधिकार ठरत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले आणि ध्वनिप्रदूषणाचे नियम कसोशीने पाळण्याचे आदेश राज्य सरकारला दिले. या निकालाची चर्चा प्रामुख्याने उत्सव आणि कायदा या अंगाने झाली. मात्र ज्या अवयवासाठी हे नियम आहेत, त्या कानाविषयी नागरिकांना असलेली माहिती आजही तुटपुंजी आहे. चष्मा सहज लावला जातो. श्रवणयंत्र मात्र टाळले जाते. डोळे अंधुक झाले की माणूस त्याच महिन्यात डॉक्टर गाठतो, पण ऐकू कमी येऊ लागल्यावर कित्येक वर्षे घरातल्यांना ‘जरा मोठ्याने बोला’ असे सांगत राहतो.

कानाच्या विकारांची नोंद आपल्याकडे प्राचीन काळापासून आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात २८ कर्णरोग सांगितले असून त्यांत कर्णशूल, कर्णनाद, कर्णस्राव आणि बाधिर्य यांचा समावेश आहे. आजचा कान, नाक, घसा तज्ज्ञ हेच विकार वेगळ्या नावांनी तपासतो. गेल्या पन्नास वर्षांत त्यांची कारणे शोधण्याच्या आणि उपचारांच्या पद्धती मात्र पार बदलल्या आहेत.

प्रमाण किती?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये श्रवणविषयक पहिला जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. जगातील सुमारे दीडशे कोटी लोकांमध्ये कमी-अधिक श्रवणदोष असून त्यांपैकी ४३ कोटी लोकांना उपचार वा पुनर्वसनाची गरज आहे, असे त्यात नमूद आहे. २०५० पर्यंत ही दुसरी संख्या ७० कोटींवर जाईल, असा अंदाज आहे. मुलांमधील सुमारे ६० टक्के श्रवणदोष टाळता येण्याजोग्या कारणांनी होतात, हा या अहवालातील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष म्हणावा लागेल.

भारतात लक्षणीय श्रवणदोष असलेल्यांचे प्रमाण ६.३ टक्के, म्हणजे सुमारे ६ कोटी ३० लाख लोक, असे राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रमात गृहीत धरले आहे. हा कार्यक्रम केंद्र सरकारने २००७ मध्ये २५ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू केला. २०११ च्या जनगणनेत मात्र श्रवणाचे अपंगत्व असलेल्यांची संख्या देशभरात सुमारे ५० लाख ७० हजार एवढीच नोंदली गेली. या दोन आकड्यांतील तफावतीचे कारण उघड आहे. तीव्र बहिरेपण घरातल्यांच्या लक्षात येते आणि प्रगणकाला सांगितले जाते. मध्यम श्रवणदोषाची तपासणीच होत नसल्याने तो नोंदीबाहेर राहतो.

२०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजार होती. राष्ट्रीय प्रमाण लावले तर तेव्हाच्या लोकसंख्येवरही या दोन शहरांत मिळून जवळपास दोन लाख लोकांना लक्षणीय श्रवणदोष असावा, असा ढोबळ हिशेब निघतो. त्यानंतर घोडबंदर रस्ता, कल्याण पश्चिम आणि डोंबिवलीची उपनगरे किती विस्तारली आहेत, हे रहिवाशांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

कान कसा ऐकतो?

कानाचे तीन भाग पडतात. बाह्यकर्णाची पाळी व नळी ध्वनिलहरी गोळा करून कर्णपटलावर, म्हणजे कानाच्या पडद्यावर आणते. पडद्यामागील मध्यकर्णात हातोडी, ऐरण आणि रिकीब यांच्या आकाराची तीन चिमुकली हाडे असतात. त्यांतली रिकीब शरीरातील सर्वांत लहान हाड असून तिची उंची सुमारे तीन मिलिमीटर भरते. ही साखळी पडद्याची कंपने वाढवून अंतर्कर्णातील द्रवापर्यंत पोहोचवते. मध्यकर्ण युस्टेशियन नलिकेने घशाशी जोडलेला असतो. सर्दीत कान बंद होतो तो याच नलिकेमुळे.

अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखा कॉक्लिया असतो. त्यात जन्मतः सुमारे १५ ते १६ हजार केसपेशी असतात. कंपनांचे विद्युत संदेशांत रूपांतर करून ते श्रवणाच्या नसेवाटे मेंदूकडे पाठवण्याचे काम या पेशी करतात. कॉक्लियाच्या बुंध्याशी उंच पट्टीचे आणि टोकाशी खालच्या पट्टीचे स्वर ओळखले जातात. या रचनेचा उलगडा करणारे गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. कातडी किंवा हाड जसे भरून येते तशा माणसाच्या केसपेशी पुन्हा वाढत नाहीत. बहिरेपणाच्या बऱ्याच प्रश्नांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

बहिरेपणाचे प्रकार आणि मोजमाप

बाह्यकर्ण किंवा मध्यकर्णात अडथळा आल्याने ध्वनी आत पोहोचत नसेल, तर त्याला वहनजन्य बहिरेपण म्हणतात. कानातील मळ, पडद्याचे छिद्र, मध्यकर्णात साचलेला द्रव किंवा रिकीब जखडणे ही त्याची कारणे होत. औषधाने किंवा शस्त्रक्रियेने हा दोष बऱ्याचदा दूर होतो. अंतर्कर्णातील केसपेशी किंवा श्रवणाची नस बिघडली तर ते चेताजन्य बहिरेपण होय. ते सहसा कायमचे असते. काहींमध्ये दोन्ही प्रकार एकत्र आढळतात.

बंद खोलीत वेगवेगळ्या पट्टीचे आवाज ऐकवून ऐकण्याची किमान पातळी डेसिबलमध्ये मोजली जाते. या आलेखाला ऑडिओग्राम म्हणतात. अधिक चांगल्या कानाची पातळी २० डेसिबलच्या आत असेल तर जागतिक आरोग्य संघटना श्रवण सामान्य मानते. २० ते ३५ पर्यंत सौम्य, ३५ ते ५० मध्यम, ५० ते ६५ मध्यम-तीव्र, ६५ ते ८० तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र दोष समजला जातो. भारतात अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा अधिक दोष असणारी व्यक्ती कर्णबधिर, तर ६० ते ७० डेसिबल दोष असणारी व्यक्ती कमी ऐकू येणारी मानली जाते. चाळीस-पंचेचाळीस डेसिबलचा दोष असलेला माणूस कायद्याच्या या व्याख्येत बसत नाही. तरीही कार्यालयातील बैठक किंवा वर्गातील शिकवणे त्याला नीट कळत नाही.

नेहमी आढळणारे विकार

कानातील मळ हा रोग नसून नळीचे संरक्षण करणारा स्राव आहे. बोलताना व चावताना होणाऱ्या हालचालींनी तो आपोआप बाहेर सरकतो. कापसाची काडी, केसातली पिन किंवा किल्ली घातल्याने तो आत ढकलला जातो आणि नळी किंवा पडद्याला इजा होते. रस्त्याच्या कडेला कान साफ करणाऱ्यांकडून पडद्याला छिद्र पडण्याचा धोका असतो. कानात गरम तेल घालण्याची घरगुती सवयही घातक आहे, कारण पडद्याला आधीच छिद्र असेल तर ते तेल थेट मध्यकर्णात उतरते.

कोकणपट्टीच्या दमट हवेत पावसाळ्यात कानात बुरशी धरण्याचे प्रमाण वाढते. तीव्र खाज, कान भरल्यासारखा वाटणे आणि काळसर किंवा पांढरट पापुद्रे ही तिची लक्षणे होत. अशा वेळी डॉक्टरांना न विचारता घातलेले प्रतिजैविकाचे थेंब बुरशीला पोषकच ठरू शकतात.

कान वारंवार पुवाळणे हा विकार दाट वस्तीत अधिक दिसतो. सर्दी-पडशातून जंतू मध्यकर्णात जातात, पडदा फुटतो आणि पू वाहू लागतो. आईचे दूध आडवे झोपवून बाटलीने पाजणे, घरातील धूर आणि अर्धवट उपचार यांनी तो जुनाट होतो. काही रुग्णांत मध्यकर्णात त्वचेची गाठ वाढून हाड पोखरते. दुर्गंधीयुक्त स्राव हे तिचे लक्षण होय. तिच्यावर शस्त्रक्रिया टाळली तर चेहऱ्याचा पक्षाघात किंवा मेंदूपर्यंत जंतुसंसर्ग होण्याची भीती असते.

लहान मुलांत पडद्यामागे चिकट द्रव साचून राहतो. दुखत नसल्याने तो लक्षात येत नाही. वर्गात लक्ष नाही, दूरचित्रवाणीचा आवाज वाढवतो, हाक मारली तरी वळत नाही, अशी तक्रार असलेल्या मुलाला शिक्षा करण्यापूर्वी त्याचा कान तपासणे इष्ट. तरुण वयात, विशेषतः स्त्रियांत, रिकीब जखडणारा ओटोस्क्लेरोसिस आढळतो आणि गरोदरपणात तो कधी कधी वाढल्याचे जाणवते. रिकिबीच्या जागी कृत्रिम सूक्ष्म दांडी बसवून श्रवण सुधारता येते.

कान हा तोलाचाही अवयव आहे. कुशीवर वळताच काही सेकंद गरगरणे हा प्रकार अंतर्कर्णातील सूक्ष्म खडे जागचे हलल्याने होतो आणि डोके ठरावीक क्रमाने वळवण्याच्या कृतीने बरा होतो. चक्कर, कानात आवाज आणि कमी-जास्त होणारे बहिरेपण यांचा एकत्रित विकार प्रॉस्पर मेनिएर या फ्रेंच डॉक्टरने १८६१ मध्ये वर्णिला व तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

यांपैकी एक विकार मात्र तातडीचा आहे. एका कानाने अचानक, काही तासांत किंवा तीन दिवसांच्या आत ऐकू येईनासे होणे, याला आकस्मिक चेताजन्य बहिरेपण म्हणतात. सकाळी उठल्यावर फोनवरचे ऐकू न आल्याने ते अनेकदा ध्यानात येते. ‘मळ असेल, सर्दी असेल’ म्हणून आठवडे घालवले जातात. स्टिरॉइडचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाल्यास लाभाची शक्यता अधिक असते, त्यानंतर ती झपाट्याने कमी होते. ज्येष्ठ पार्श्वगायिका अलका याज्ञिक यांनी जून २०२४ मध्ये, विषाणुसंसर्गानंतर आपल्याला अचानक चेताजन्य श्रवणदोष झाल्याचे जाहीर केले, तेव्हा या विकाराची चर्चा प्रथमच घरोघरी झाली.

गोंगाटाचे गणित

गोंगाटाने येणारे बहिरेपण हळूहळू येते आणि वेदना देत नाही. डेसिबलचे माप साधे बेरजेचे नाही. दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि कान सुरक्षितपणे जेवढा वेळ तो सोसू शकतो तो वेळ निम्मा होतो. प्रौढाने आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंतचा आवाज ऐकणे सुरक्षित समजले जाते. याच हिशेबाने ९० डेसिबलला ही मुदत आठवड्याला चार तास उरते आणि १०० डेसिबलला सुमारे २४ मिनिटे.

असा मारा झाला की प्रथम चार हजार हर्ट्झच्या आसपासचे, म्हणजे उंच पट्टीचे ऐकणे कमी होते. ऑडिओग्रामवर तेथे खड्डा दिसतो. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने याच पट्टीत येतात. स्वर ऐकू येतात, परंतु ‘साठ’, ‘पाठ’ आणि ‘काठ’ यांतला फरक कळेनासा होतो. ‘ऐकू येते, पण समजत नाही’ अशी तक्रार रुग्ण करतो ती यामुळे.

मोठ्या आवाजानंतर कान बधिर होतात आणि दुसऱ्या दिवशी मोकळे होतात, म्हणून नुकसान झाले नाही, अशी समजूत पूर्वी तज्ज्ञांचीही होती. शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून तिला धक्का दिला. श्रवणाची पातळी पूर्ववत झाल्यावरही केसपेशी आणि नस यांमधील जोडण्या कायमच्या तुटलेल्या त्यांना आढळल्या. साध्या ऑडिओग्राममध्ये ही हानी दिसत नाही. माणसात ती नेमकी कशी मोजावी, यावर संशोधन चालू आहे.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० मध्ये लागू झाले. त्यांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, व्यापारी क्षेत्रात ६५ व ५५, औद्योगिक क्षेत्रात ७५ व ७० आणि शांतता क्षेत्रात ५० व ४० डेसिबल अशा मर्यादा आहेत. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकांना बंदी आहे. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्याला आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांभोवतीचा १०० मीटरचा परिसर पूर्वी शांतता क्षेत्र समजला जाई. ऑगस्ट २०१७ मधील दुरुस्तीनंतर राज्य सरकारने जाहीर केल्याखेरीज तो तसा ठरत नाही. त्यामुळे एखाद्या रुग्णालयाबाहेरच्या गोंगाटाची तक्रार करताना ते क्षेत्र अधिसूचित आहे का, हा प्रश्न पुढे येतो. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्यातील रहिवाशांच्या याचिकेवर निकाल देताना उच्च न्यायालयाने तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करण्यास पोलिसांना सांगितले. उत्सवाच्या काळात शेजाऱ्यांशी वैर नको म्हणून गप्प बसणाऱ्यांना या निर्देशाचा मोठा आधार आहे.

मोकळ्या जागी ध्वनिस्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे सहा डेसिबलने घटतो. दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या अरुंद रस्त्यावर मात्र तो भिंतींवरून परावर्तित होत राहतो. ठाण्यातील दहीहंडीचे चौक किंवा डोंबिवलीचा फडके रस्ता येथे ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे उभे राहणाऱ्यांपेक्षा तिच्याजवळ तासन्‌तास राबणारे कार्यकर्ते अधिक धोक्यात असतात. ढोल-ताशा पथकांतील तरुण तर महिनोन्‌महिने सराव करतात. फोमचे साधे कर्णरोधक नीट बसवले तर कानावर येणारा आवाज १५ ते २० डेसिबलने कमी होऊ शकतो. ताल त्यातूनही स्पष्ट ऐकू येतो.

रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्यांपुढे आणखी एक धोका आहे. डब्यातल्या गोंगाटावर मात करण्यासाठी हेडफोनचा आवाज वाढवला जातो आणि तो डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस असा तास-सव्वा तास, जाता-येता, कानात वाजत राहतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये अशा उपकरणांसाठी सुरक्षित श्रवणाचे मानक प्रसिद्ध केले. आवाज कमाल पातळीच्या साठ टक्क्यांपुढे न नेणे आणि मधूनमधून कानाला विश्रांती देणे, एवढे पथ्य प्रवाशाने पाळायला हवे.

कारखाने, माग आणि कामगार

वागळे इस्टेट, डोंबिवली आणि अंबरनाथ या औद्योगिक वसाहती आणि भिवंडीचे यंत्रमाग यांनी या पट्ट्याला पिढ्यान्‌पिढ्या रोजगार दिला. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर जाणे ही नित्याची बाब आहे आणि पाळी अनेकदा आठ तासांहून लांब असते. माग-कामगार ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखू लागतात आणि घरी मोठ्याने बोलतात. त्यांच्या वस्तीत ही सवय मानली जाते, प्रत्यक्षात ते रोगाचे लक्षण असते.

गोंगाटजन्य बहिरेपण हा कारखाना अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या परिशिष्टात नोंदवण्याजोगा व्यवसायजन्य आजार होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही तो कायम आहे. नुकसानभरपाईच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीतही गोंगाटाने आलेल्या श्रवणदोषाचा अंतर्भाव आहे. प्रत्यक्ष दावा करताना मात्र कामावर रुजू होतेवेळी श्रवण कसे होते, हे सिद्ध करावे लागते. भरतीच्या वेळचा व त्यानंतर दरवर्षीचा ऑडिओग्राम जपून ठेवणे म्हणूनच कामगाराच्या हिताचे आहे. छोट्या शेडमध्ये, हजेरीपटावर नाव नसताना काम करणाऱ्यांना हा कागद मिळत नाही आणि त्यांचे नुकसान कायद्याला दिसतच नाही.

डोंबिवली औद्योगिक वसाहतीने मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांतील भीषण स्फोट अनुभवले. दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. स्फोटाच्या दाबलहरीने प्रथम इजा होणाऱ्या अवयवांत कर्णपटलाचा क्रम वरचा आहे. अशा दुर्घटनेनंतर कान गच्च वाटणे, शीळ ऐकू येणे किंवा रक्त येणे यांकडे ‘जीव वाचला’ म्हणून दुर्लक्ष होते. पडद्याची छिद्रे बऱ्याचदा आपोआप भरतात. त्यासाठी कान कोरडा ठेवणे आणि त्यात कोणतेही थेंब परस्पर न घालणे आवश्यक असते.

कानाला घातक औषधे

स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन आणि कॅनामायसिन ही अमिनोग्लायकोसाइड गटातील प्रतिजैविके, तसेच कर्करोगावरील सिस्प्लाटिन ही औषधे केसपेशींना इजा करू शकतात. काही कुटुंबांत आईकडून येणाऱ्या एका जनुकीय बदलामुळे अमिनोग्लायकोसाइडच्या थोड्या मात्रेनेही बहिरेपण येते. त्यामुळे घराण्यात असे उदाहरण असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर महिनोन्‌महिने इंजेक्शने घेतलेल्या अनेकांचा जीव वाचला, पण श्रवण गेले. तोंडाने घेण्याच्या बेडाक्विलीनसारख्या औषधांमुळे हे चित्र बदलले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने इंजेक्शनविरहित ‘बीपाल्म’ उपचारपद्धतीला मान्यता दिली. मुंबई परिसरातील क्षयरोगाचा भार पाहता कानांच्या दृष्टीनेही हा बदल मोलाचा आहे.

बालकाचे पहिले सहा महिने

हजारी एक ते तीन बालके जन्मतः लक्षणीय श्रवणदोष घेऊन येतात. बाळ हसते, रडते, दिव्याकडे पाहते. त्यामुळे दोष दिसत नाही. दीड-दोन वर्षांनी बोलत नाही म्हणून शंका येते. ‘याचा काकाही उशिरा बोलला’ असा दिलासा दिला जातो आणि तीन वर्षे उलटतात. भाषा शिकण्यासाठी मेंदू सर्वाधिक ग्रहणशील असतो तो नेमका याच काळात. अमेरिकेतील क्रिस्टीन योशिनागा-इतानो यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे सरस आढळली. पहिल्या महिन्यात चाळणी चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार, हे सूत्र त्यानंतर जगभर रूढ झाले.

ही चाळणी सोपी आहे. निरोगी कॉक्लिया स्वतःही अतिसूक्ष्म ध्वनी उत्पन्न करतो, हे ब्रिटनचे डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवले. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी कळी बसवून तो प्रतिध्वनी काही मिनिटांत टिपता येतो. त्यात शंका आल्यास ‘बेरा’ चाचणीने नस आणि मेंदूपर्यंतचा मार्ग तपासला जातो. कमी वजनाचे, अतिदक्षता विभागात राहिलेले, तीव्र कावीळ झालेले बाळ आणि कुटुंबात बहिरेपण असलेले बाळ यांची चाचणी तर टाळूच नये. बाळंतपणानंतर रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वी ‘कानाची तपासणी झाली का?’ एवढा प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक पालकाला आहे.

जन्मजात बहिरेपणाचा निम्म्याहून अधिक भाग आनुवंशिक असतो. कनेक्सिन-२६ हे प्रथिन घडवणाऱ्या जनुकाचा संबंध १९९७ मध्ये उघड झाला आणि भारतीय कुटुंबांतही त्यातील दोष वारंवार आढळतात. मामा-भाचीचे किंवा मामे-आते भावंडांचे विवाह ज्या घराण्यांत रूढ आहेत तेथे असे दोन सदोष जनुक एकत्र येण्याची शक्यता वाढते. आईवडील दोघांनाही उत्तम ऐकू येत असताना मूल बहिरे जन्मते, त्याचे कारण हेच. आईला दोष देण्याची घरगुती रीत त्यामुळे अन्यायाची आणि अशास्त्रीय ठरते. गरोदरपणातील रुबेला हे दुसरे टाळता येण्याजोगे कारण आहे. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीकरणाची व्यापक मोहीम सुरू झाली.

श्रवणयंत्रापासून जनुकोपचारापर्यंत

चेताजन्य दोषावर श्रवणयंत्र हा आजही प्रमुख उपाय आहे. डिजिटल यंत्रात ज्या पट्टीचे ऐकणे कमी आहे तेवढीच पट्टी वाढवता येते. त्यासाठी ऑडिओग्रामनुसार यंत्र जुळवून घ्यावे लागते. केवळ आवाज मोठा करणारे, जुळणी न केलेले स्वस्त यंत्र डोकेदुखी देते आणि कपाटात पडते. नव्या आवाजांची मेंदूला सवय होण्यास काही आठवडे लागतात, हेही रुग्णाला आधी सांगायला हवे.

श्रवणयंत्राचा उपयोग होत नाही अशांसाठी कॉक्लियर इम्प्लांट आहे. शस्त्रक्रियेने कॉक्लियात बसवलेली विद्युत तार केसपेशींना वगळून थेट नसेला संदेश देते. ऑस्ट्रेलियाचे ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मेलबर्न येथे बहुवाहिनी इम्प्लांट प्रथम बसवले. मुंबईत ही शस्त्रक्रिया रुजवणाऱ्यांत डॉ. मिलिंद कीर्तने यांचे नाव अग्रणी असून त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री देण्यात आली. शस्त्रक्रिया हा उपचाराचा आरंभ असतो. पुढे किमान एक-दोन वर्षे नियमित वाचा-प्रशिक्षण आणि यंत्राची देखभाल यांवर यश अवलंबून राहते. नोकरदार आईबापांना लोकलच्या गर्दीतून मुलाला आठवड्यात दोन-तीनदा प्रशिक्षणाला नेणे जमेलच असे नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच त्याची तजवीज करणे शहाणपणाचे.

ओटोफर्लिन या प्रथिनाच्या अभावी बहिरी असलेल्या सहा मुलांवर शांघाय येथे जनुकोपचार करण्यात आला आणि त्यांपैकी पाच मुलांचे श्रवण सुधारल्याचे जानेवारी २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. या दोषाचे प्रमाण जन्मजात बहिरेपणात अल्प आहे. तरीही चेताजन्य बहिरेपण मुळातून बरे होऊ शकते, याचा हा पहिला ठोस पुरावा होय. आपल्या मुलाला याची वाट पाहायला लावणे मात्र चूक ठरेल, कारण भाषेचे वय थांबत नाही. ज्या कुटुंबांनी सांकेतिक भाषेचा मार्ग निवडला त्यांच्या मुलांनाही लवकर मिळालेली भाषा तितकीच आवश्यक असते.

वार्धक्यातील बहिरेपण

वयोमानाने येणारे बहिरेपण ही केवळ गैरसोय नाही, असे अलीकडचे संशोधन सांगते. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत मध्यमवयातील श्रवणदोषाचा समावेश केला आहे. अमेरिकेत ७० ते ८४ वयोगटातील ९७७ जणांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत श्रवणयंत्राने सर्व गटावर सरसकट परिणाम दिसला नाही. मात्र ज्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक होता त्यांच्यातील बौद्धिक ऱ्हासाचा वेग तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी कमी आढळला. घरातील आजोबा संभाषणातून अंग काढून घेऊ लागले, टेलिफोन टाळू लागले, तर तो स्वभाव समजू नये.

तपासणी व साहाय्य कोठे?

कळव्यातील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, ठाणे जिल्हा सामान्य रुग्णालय, उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, तसेच कल्याणचे रुक्मिणीबाई व डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही सार्वजनिक रुग्णालये या परिसरात आहेत. सविस्तर श्रवणचाचण्या, यंत्राची जुळणी आणि वाचोपचार यांसाठी वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून कार्यरत आहे. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयातही श्रवण व वाचाशास्त्राचा जुना विभाग आहे. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून पात्र रुग्णांना श्रवणयंत्र आणि लहान मुलांना कॉक्लियर इम्प्लांट मिळू शकते. इम्प्लांटसाठी वांद्र्याची हीच संस्था समन्वयक आहे आणि वयाची अट असल्याने अर्जात दिरंगाई परवडत नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील मुलांच्या तपासणीत जन्मजात बहिरेपण आणि कान वाहणे यांचा समावेश आहे.

दरवर्षी ३ मार्च हा जागतिक श्रवण दिन पाळला जातो. त्या दिवसाची शिबिरे चांगलीच, परंतु कान वाहू लागला तर पहिल्या आठवड्यात, अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी, बाळाच्या बाबतीत पहिल्या महिन्यात आणि पन्नाशीनंतर दर काही वर्षांनी एकदा कानांची तपासणी झाली पाहिजे. ठाणे-कल्याणच्या घरांत हे वेळापत्रक पाळले गेले, तर त्या दोन लाखांतील अनेकांचे ऐकणे वाचवता येईल.